चित्राची पाठ

टोकियोच्या कांदा-जिंबोचो भागात जुन्या पुस्तकांची दुकानं एकाला लागून एक आहेत. आपल्या अप्पा बळवंत चौकाची शिस्तीत वाढलेली थोरली बहीणच म्हणा. त्यातल्या काही दुकानांत पुस्तकांच्या जोडीला लाकडी ठशांनी छापलेली चित्रंही मिळतात. अशाच एका दुकानात मी होकुसाईची ती जगप्रसिद्ध लाट मागितली. म्हाताऱ्या दुकानदाराने खणातून कागद काढला, दोन्ही हातांनी कडा धरून समोर ठेवला आणि मी नीट पाहायच्या आत उलटा केला. मला वाटलं, चुकून झालं. पण तो पाठीकडे बोट दाखवून गप्प उभा राहिला. मागच्या बाजूला निळा रंग झिरपून आला होता. लाटेची पुसट, आरशात दिसावी तशी उलटी आकृती उमटली होती, आणि कागद दिव्याखाली तिरका धरल्यावर गोल गोल घोटल्याच्या खुणा चमकत होत्या.

त्याआधी चार वर्षं हीच लाट माझ्या घरी भिंतीवर होती. एका पर्यटनस्थळी घेतलेली, ‘अगदी जुन्या पद्धतीने छापलेली’ असं विकणाऱ्याने सांगितलेली. परत आल्यावर ती फ्रेम उघडली. पाठ पांढरीशुभ्र. पुढची बाजू भिंगाखाली धरली तर निळ्या रंगात ठिपकेच ठिपके, वर्तमानपत्रातल्या फोटोत असतात तसे. म्हणजे चार वर्षं मी पाहुण्यांना कौतुकाने कॅलेंडर दाखवत होतो.

गंमत अशी, की जिंबोचोतलं ते चित्रही होकुसाईच्या काळातलं नव्हतंच. त्या काळात छापलेली एक प्रत मार्च 2023मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात 27 लाख 60 हजार डॉलरना गेली. तशी प्रत कुणी खणातून काढून माझ्यासारख्यासमोर पसरत नाही. दुकानदाराने दाखवलेली लाट विसाव्या शतकात नव्याने फळ्या कोरून, जुन्याच रीतीने हाताने छापलेली होती. जपानीत अशा चित्राला ‘फुक्कोकु’ म्हणतात, म्हणजे पुन्हा कोरलेलं. मराठीत आपण सरसकट ‘नक्कल’ म्हणून मोकळे होतो. हा शब्द इथे बसत नाही, आणि तो का बसत नाही हे कळलं की या चित्रांचा नाद लागतो.

एदो (टोकियोचं जुनं नाव) काळातल्या या चित्रांना, म्हणजे उकियो-एंना, आपण होकुसाईची, हिरोशिगेची, उतामारोची चित्रं म्हणतो. पण लाटेच्या कागदाला होकुसाईचा हात बहुधा लागलेलाही नसेल. त्याने पातळ कागदावर काळ्या शाईने रेषाचित्र काढून दिलं. प्रकाशक निशिमुराया योहाची याने ते कोरणाऱ्याकडे पाठवलं. कोरणाऱ्याने तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवला आणि रेषांच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढत गेला. कागद त्या सुरीखालीच संपला. म्हणजे चित्रकाराच्या हातचं ‘मूळ चित्र’ पहिली प्रत निघण्याआधीच नष्ट झालं. मग ते काळं रेषाचित्र छापून काढायचं, चित्रकाराने कुठे कोणता रंग हवा ते त्यावर सांगायचं, त्याप्रमाणे प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी कोरायची, आणि छापणाऱ्याने एकेक रंग त्याच कागदावर चढवत न्यायचा. चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि पैसे गुंतवणारा प्रकाशक असे चौघे. कागदावर सही एकाची, फार तर शिक्का दुसऱ्याचा. उरलेल्या दोघांची नावं बहुतेक वेळा कुठेच नाहीत.

छापण्याची एक खेप साधारण दोनशे कागदांची असे. चित्र खपलं तर दुसरी, तिसरी, दहावी. लाटेच्या आठेक हजार प्रती निघाल्या असाव्यात असा अंदाज करतात. किंमत शेवयांच्या एक-दोन वाडग्यांइतकी. ब्रिटिश म्युझियममधल्या संशोधक कॅपुसिन कोरेनबर्ग यांनी जगभरातल्या संग्रहांत शोध घेऊन आज उरलेल्या 111 प्रती हुडकल्या आणि रेषांची झीज पाहून त्या आधीच्या-नंतरच्या क्रमाने लावल्या. सुरुवातीच्या प्रतींत शीर्षकाच्या चौकटीच्या रेषा अखंड आहेत. पुढे लाकूड झिजत गेलं तशा त्या तुटत गेल्या. आकाशातला ढग पहिल्या प्रतींत स्पष्ट आहे, नंतरच्यांत कुठे दिसतो, कुठे जवळजवळ नाहीच. मग यातली ‘खरी’ लाट कोणती? पहिली दोनशे? की हजारावी, जिच्यात फळी थकलेली आणि प्रकाशक घाईत आहे?

गाण्यातली बंदिश जशी बांधणाऱ्याच्या गळ्यापुरती राहत नाही तसंच हे आहे. रेषाचित्र ही बंदिश, आणि कोरणं-छापणं हे गाणं. दीडशे वर्षांनी कुणी तीच बंदिश सुरेल गायली तर आपण तिला नक्कल म्हणत नाही. बेसूर गायली तर बेसूर म्हणतो.

तेव्हा संग्राहकाने आधी हे चार प्रकार वेगळे ओळखायला शिकावं. ‘शोझुरी’ म्हणजे मूळ फळ्यांवरून, त्या काळी, सुरुवातीला निघालेली प्रत. ‘आतोझुरी’ म्हणजे मूळ फळ्यांवरूनच पण नंतर, कधी कधी पन्नास वर्षांनी काढलेली. ‘फुक्कोकु’ म्हणजे नव्याने कोरलेल्या फळ्यांवरून हातानेच छापलेली. चौथा प्रकार माझ्या भिंतीवरचा: ऑफसेट यंत्रावरची छपाई. हिची गोष्ट इथेच संपवू. पहिला प्रकार बहुतेकांच्या खिशाबाहेरचा. खरा वाद दुसऱ्या आणि तिसऱ्यात आहे, आणि माझं मत स्पष्ट आहे. मूळ फळ्या म्हणून उगाच हुरळून जाऊ नये. झिजलेल्या फळीवरून, पातळ कागदावर, भडक विलायती रंगांत उरकलेल्या उशिराच्या प्रतीपेक्षा चांगल्या हाताने नव्याने कोरलेली प्रत मी केव्हाही घेईन. मूळ चित्र बाजारात आलं त्या दिवशी एदोतल्या गिऱ्हाइकाला जे दिसलं असेल त्याच्या ती जास्त जवळ असते.

हे पटायला रंगांकडे पाहावं लागतं. एदो काळात रंग बहुतांशी वनस्पतींपासून काढलेले होते. करडईच्या फुलांचा लाल, हळदीसारखे पिवळे, त्सुयुकुसा नावाच्या रानफुलाचा निळा. हा फुलांचा निळा उजेडात आणि दमटपणात टिकत नाही. हारुनोबू या चित्रकाराच्या चित्रांतलं जे आभाळ किंवा पाणी आज फिकट मातकट दिसतं ते कधीकाळी निळं असू शकतं. करडईचा लालही विटतो. 1830च्या सुमारास युरोपातून आलेला प्रशियन निळा, जपानीत ‘बेरो-आय’, म्हणजे बर्लिनचा निळा, स्वस्तात मिळू लागला आणि तो टिकाऊ निघाला. होकुसाईची लाट आज इतकी निळी दिसते त्याचं हे एक कारण. पण सगळीच चित्रं एवढी नशीबवान नाहीत. संग्रहालयं मूळ प्रती थोडे आठवडे मंद उजेडात दाखवून पुन्हा अंधारात ठेवतात. आपण काचेआडून जे पाहतो ते बऱ्याचदा चित्राचं म्हातारपण असतं. हारुनोबूने किमोनोवरचं नक्षीकाम रंग न लावता नुसत्या दाबाने कागदात उठवलं होतं. दोन-अडीचशे वर्षं कागदांच्या गठ्ठ्यात राहून ते कित्येक प्रतींत सपाट झालं आहे. चित्रकार शाराकूच्या नटांमागे अभ्रकाची गडद चमक होती. ती झडलेली असते. चांगल्या फुक्कोकुत हे सगळं पुन्हा हाताला आणि डोळ्याला लागतं. काहींना हे ताजे रंग भडक वाटतात. मलाही पहिल्यांदा वाटले होते. जुनेपणाची सवय डोळ्यालाही लागते.

आता हे होतं कसं, ते जरा थांबून पाहू.

फळी पहाडी चेरीची, ‘यामाझाकुरा’ची. लाकूड कठीण आणि बारीक पोताचं. हजारो वेळा छापलं तरी रेषेची धार राहते. स्त्रियांच्या चित्रांत कपाळाच्या कडेला केस उगवतात ती जागा कोरणाऱ्याची खरी परीक्षा. मिलिमीटरभर जागेत दोन-तीन केस उभे सोडायचे, आणि मधलं लाकूड काढायचं. एदोच्या कारखान्यांत चेहरा आणि केस उस्ताद कोरत, कपड्यांवरची नक्षी आणि मोकळ्या जागा शिकाऊ पोरं. हा हात तयार व्हायला दहा वर्षं धरतात.

कागद तुतीच्या जातीच्या ‘कोझो’ झाडाच्या सालीचा. पारंपरिक छपाईत सर्वोत्तम मानला जाणारा ‘होशो’ कागद फुकुई प्रांतातल्या एचिझेन गावात बनतो. तिथल्या इवानो घराण्याचे नववे इचिबेई यांना 2000 साली जपान सरकारने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून गौरवलं. त्यांच्या वडिलांनाही तोच मान मिळाला होता. या कागदाचे तंतू लांब असतात. ओला करून पाच-दहा वेळा दाबला, चोळला तरी तो फाटत नाही की फारसा ताणला जात नाही. रंग पसरू नये म्हणून त्याला सरस आणि तुरटीचं पाणी देतात. हे पाणी किती घट्ट असावं हे हवेवर ठरतं. ते बिघडलं तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

छापणारा जमिनीवर मांडी घालून बसतो. समोर तिरकी पाटी. तो घोड्याच्या केसांच्या ब्रशने फळीवर पाण्यात कालवलेला रंग आणि तांदळाच्या खळीचा एक ठिपका लावतो. ब्रशची टोकं मऊ व्हावीत म्हणून ती शार्कच्या कातड्यावर घासून घेतलेली असतात. मग दमट कागद फळीवर टेकवतो. प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात आणि कडेला दोन खाचा कोरलेल्या असतात, त्यांना ‘केंतो’ म्हणतात. कागदाचा कोपरा एका खाचेत, कड दुसरीत. आठ फळ्यांवर आठ वेळा कागद ठेवायचा आणि आठही रंग केसभर न हलता एकमेकांवर बसवायचे, यासाठी एवढीच युक्ती. छापखान्यातल्या जुन्या माणसांना रंगांची जुळणी म्हणजे काय दुखणं असतं ते ठाऊक असेल; इथे तेच काम लाकडातल्या दोन खाचा करतात.

कागदाच्या पाठीवर फिरतं ते ‘बारेन’. तळहातात मावणारी चकती. आत बांबूच्या टरफलाची बारीक दोरी वळून गुंडाळलेली, वरून पुन्हा बांबूचं टरफल घट्ट ताणलेलं. छापणारा अख्ख्या अंगाचा भार त्यावर टाकून कागद घोटतो. रंग कागदावर बसत नाही, कागदात शिरतो. म्हणून तो पाठीला उतरतो. जिंबोचोच्या म्हाताऱ्याने मला दाखवलं ते हे. चित्राची पाठ म्हणजे छापणाऱ्याच्या मनगटाची सही.

आणि ‘बोकाशी’. हिरोशिगेच्या आभाळात वर गर्द निळा आणि खाली विरत जाणारा जो पट्टा असतो, तो फळीवर कोरलेला नसतोच. फळी सपाट असते. छापणारा ओल्या फडक्याने फळी पुसून, ब्रशच्या एका टोकाला रंग घेऊन, प्रत्येक कागदासाठी तो विरता रंग नव्याने लावतो. दोनशे प्रती म्हणजे दोनशे वेळा. त्यामुळे एकाच खेपेतल्या दोन प्रतींतली संध्याकाळही थोडी पुढे-मागे होते. हिरोशिगेच्या ‘एदोची शंभर प्रसिद्ध स्थळं’ या 1856 ते 1858मधल्या मालिकेत छापणाऱ्यांनी बोकाशीची चैन केली आहे. नवा संग्राहक माझा सल्ला विचारेल तर मी ही मालिका सुचवीन. तिच्यातल्या पावसाच्या आणि बर्फाच्या चित्रांत चांगली आणि टुकार छपाई शेजारी ठेवली की फरक लहान मुलालाही कळतो.

1868नंतर, मेइजी काळात जपान पश्चिमेकडे वळला. लिथोग्राफी आणि फोटो आले. ठशांची चित्रं जुनाट ठरली. त्याच वेळी युरोप त्यांच्यासाठी वेडा झाला होता. व्हॅन गॉगने पॅरिसमध्ये बिंग नावाच्या व्यापाऱ्याकडून साडेसहाशेच्या वर चित्रं घेतली, कारण ती स्वस्त होती. त्यातली कितीतरी उशिराची आणि साधारण प्रतीची होती. त्याला फरक पडला नाही. त्याने भिंतीवर लावली, आणि 1887मध्ये हिरोशिगेची दोन तर तैलरंगात उतरवली. संग्रह कशासाठी करायचा याचं मला पटलेलं उत्तर त्या भिंतीवर होतं. असो.

देशात गिऱ्हाईक उरलं नाही, पण कोरणारे आणि छापणारे हात अजून होते. त्यांना कामं मिळाली ती पुनर्निर्मितीची. 1889मध्ये निघालेल्या ‘कोक्का’ या कलाविषयक मासिकाने जुन्या चित्रांच्या रंगीत प्रतिकृती ठशांनी छापल्या. निर्यातीच्या धंद्यात शिकून बाहेर पडलेल्या वातानाबे शोझाबुरो या तरुणाने जुन्या उकियो-एंच्या नव्या प्रती काढून विकल्या. त्यावर उभं राहून त्याने जिवंत चित्रकारांना हाताशी धरलं आणि ‘शिन-हांगा’, म्हणजे नव्या ठसाचित्रांची चळवळ सुरू झाली. कावासे हासुई, इतो शिनसुई ही त्यातली मोठी नावं. हाशिगुची गोयोने वातानाबेसाठी एक चित्र केलं. नंतर जुन्या चित्रांच्या पुनर्मुद्रणावर देखरेख करता करता तो ही कला आतून शिकला आणि त्याने स्वतःची चित्रं स्वतः प्रकाशित केली. त्याचं ‘केस विंचरणारी स्त्री’ हे 1920चं चित्र तुम्ही कदाचित नकळत पाहिलं असेल. 1984मध्ये पहिला मॅकिंटॉश संगणक बाजारात आला तेव्हा त्याच्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत दाखवलेली बाई तीच.

या इतिहासात लबाडीही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विटलेल्या मूळ चित्रांवर नव्याने कोरलेल्या फळ्यांनी रंग चढवून ती ‘ताजी’ करण्याचा उद्योग जोरात होता. अमेरिकन वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट हा जपानी चित्रांचा मोठा व्यापारीही होता. 1920च्या आसपास त्याने श्रीमंत संग्राहकांना विकलेल्या चित्रांत अशी मेकअप केलेली चित्रं निघाली आणि त्याला ती परत घेऊन भरपाई करावी लागली. या कामात टोकियोचा ताकामिझावा एन्जी तरबेज समजला जाई. पुढे ताकामिझावा हे नाव उघडपणे काढलेल्या पुनर्मुद्रणांसाठी प्रसिद्ध झालं, आणि आज जुन्या बाजारात त्यांच्या प्रती सर्वोत्तमांत गणल्या जातात. त्यांत कधी कागदाला जुनाट छटा दिलेली असते, रंगही मुद्दाम विटवलेले असतात. कौशल्य म्हणून मी त्याला मानतो. घरात ठेवायला मात्र मला ते आवडत नाही. तरुण नटाला पिकल्या दाढीमिशा चिकटवल्यासारखं वाटतं.

1 सप्टेंबर 1923च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत वातानाबेचं दुकान, चित्रं, फळ्या, सगळं जळालं. म्हणून हासुईच्या भूकंपाआधीच्या चित्रांची आतोझुरी असूच शकत नाही. मूळ फळ्याच नाहीत. ती चित्रं महाग असण्याचं कारण हेच. भूकंपानंतरच्या चित्रांच्या फळ्यांवरून मात्र पुढे अनेक दशकं छपाई होत राहिली, आणि मग प्रत केव्हाची हे ओळखायला समासातला प्रकाशकाचा शिक्का पाहावा लागतो. वातानाबेंचे शिक्के काळाप्रमाणे बदलत गेले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात वापरलेला सहा मिलिमीटरचा गोल शिक्का आणि त्यानंतरचा त्याहून किंचित मोठा, यांच्यातला मिलिमीटर मोजत बसणारी माणसं जगभर आहेत. मी त्यांतला नाही असं म्हणणार होतो, पण टेबलावर पट्टी पडलेली आहे.

महायुद्धानंतर अमेरिकन सैनिक आणि पाठोपाठ पर्यटक आले आणि पुनर्मुद्रणांना पुन्हा बरकत आली. 1928मध्ये सुरू झालेली टोकियोची अदाची ही संस्था आजही स्वतः कोरणारे आणि छापणारे घडवते. क्योटोत 1891पासूनचं उन्सोदो हे प्रकाशनगृह आहे, त्यांच्याकडे जुन्या फळ्यांचा मोठा साठा आहे. क्योटोच्याच उचिदा या प्रकाशकांच्या प्रती जुन्या बाजारात सहज मिळतात. इंग्लंडमध्ये जन्मलेले, कॅनडात वाढलेले डेव्हिड बुल 1986मध्ये जपानला गेले, कोरणं-छापणं दोन्ही स्वतःच शिकले आणि 1989पासून दहा वर्षं, वर्षाला दहा या हिशेबाने, कात्सुकावा शुनशोच्या शंभर कवींच्या मालिकेतली सगळी चित्रं एकट्याने पुन्हा घडवली. टोकियोच्या असाकुसा भागात त्यांचा कारखाना आहे. ही चित्रं वरच्या दिव्याखाली पाहू नका, कागद हातात घ्या आणि खिडकीच्या बाजूने येणाऱ्या उजेडात पाहा, असं ते सांगत आले आहेत. एकदा तसं पाहिलं की काचेच्या फ्रेमची कीव येते.

विकत घेताना म्हणूनच आधी पाठ बघा. रंग उतरला आहे का, बारेनच्या खुणा आहेत का. मग भिंग. ठिपक्यांची जाळी दिसली की विषय संपला. सपाट रंगात कुठे कुठे लाकडाच्या रेषा, शिरा उमटलेल्या दिसल्या तर आनंदाने पुढे जा. बाजूच्या उजेडात रेषा कागदात किंचित रुतलेली दिसते. होशो कागद जाडसर पण कापसासारखा मऊ लागतो. खडखडीत गुळगुळीत लागला तर शंका घ्या.

चित्रकाराची सही आणि जुने शिक्के पाहून मात्र भुलू नका. 1790नंतर एदोत चित्र छापण्याआधी तपासणी करून ‘किवामे’ असा शिक्का मारावा लागे. पण फुक्कोकुत तो शिक्काही जसाच्या तसा कोरलेला असतो, सहीही, मूळ प्रकाशकाची खूणही. नवख्या माणसाला त्यात पुरावा दिसतो. प्रामाणिक पुनर्मुद्रणात नव्या प्रकाशकाचं नाव समासात किंवा सोबतच्या जाड कागदी घडीत छापलेलं असतं. त्यामुळे समास कापलेली प्रत समोर आली तर विचारायचं: का कापला? चित्र कपाटात बसेना म्हणून, की समासावर काहीतरी लिहिलेलं होतं म्हणून? रेषा तपासायला आता संग्रहालयांची संकेतस्थळं आहेत. मूळ प्रतीचं मोठं छायाचित्र शेजारी उघडून एखादं झाडाचं पान, एखादी किमोनोची घडी ताडून पाहा. हाताने पुन्हा कोरलेली रेषा कुठेतरी वेगळी वळतेच.

पैशांचं म्हणाल तर जपानमध्ये नव्याने छापलेली मोठ्या आकाराची, म्हणजे साधारण 39 बाय 26 सेंटिमीटरची, चांगली प्रत हजारो येनांत येते, लाखांत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या सुट्या प्रती तर जुन्या दुकानांत कित्येकदा त्याहूनही स्वस्त पडतात. अजब आहे खरं. त्या काळच्या कोरणाऱ्यांचा हात आजच्यापेक्षा कमी नव्हता. पण या प्रती मर्यादित संख्येत काढलेल्या नसतात, गिऱ्हाईक आहे तोवर छापतात. तेव्हा नातवंडांना विकून श्रीमंत होता येईल या आशेने घेऊ नयेत. ज्याला गुंतवणूक करायची त्याने सोनं घ्यावं.

आपल्या हवेत खरा शत्रू जून ते सप्टेंबर. मुंबई-कोकणात या मऊ कागदावर तांबूस डाग आणि बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो, आणि खळीच्या वासावर कसर येते. आम्लरहित कागदाच्या घडीत, सपाट, कपाटाच्या वरच्या खणात ठेवा. कोरड्या दिवशी बाहेर काढून हवा द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका. भिंतीवर लावलंच तर उन्हाच्या समोर नको, आणि दोन-तीन महिन्यांनी बदला. जपानी घरांतही एकच चित्र बारा महिने लटकत नाही.

शेवटी एक चित्र, ज्याच्या मागे मी स्वतः आहे. योशिदा हिरोशी हा शिन-हांगाच्या पिढीतला चित्रकार. मूळचा तैलरंग आणि जलरंगवाला, पन्नाशीच्या उंबरठ्यावर ठशांकडे वळला आणि प्रकाशकावर विसंबून न राहता कोरणारे-छापणारे पदरी ठेवून सगळं स्वतःच्या नजरेखाली करून घेऊ लागला. 1926च्या शिडाच्या होड्यांच्या मालिकेत त्याने त्याच फळ्यांवरून, नुसते रंग बदलून, सकाळ, दुपार, धुकं आणि रात्र छापली. 1930च्या अखेरीस तो मुलगा तोशी याला घेऊन भारतात आला. परत गेल्यावर केलेल्या मालिकेत ताजमहाल आहे, काशीचा घाट आहे, कांचनगंगा आहे, आणि आपला अजिंठाही आहे. योशिदाच्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतींवर डावीकडच्या समासात ‘जिझुरी’ असा छोटा शिक्का असतो आणि खाली पेन्सिलीने केलेली इंग्रजी सही. तो 1950मध्ये गेला, पण फळ्या घराण्याकडे राहिल्या आणि त्यांवरून छपाई चालू राहिली. त्या नंतरच्या प्रतींवर जिझुरी नाही, आणि सही पेन्सिलीची नसून छापलेली असते. किमतीत मोठी तफावत पडते, फळ्या मात्र त्याच. अजिंठ्याची अशी उशिराची प्रत कुणाच्या पाहण्यात आली तर कळवा. जिझुरी नसली तरी चालेल. पाठीचा एक फोटो तेवढा सोबत पाठवा.